एकाच गाण्याच्या दोन सीड्या

दादा मंगळवारी दुपारी दुकानात वारला. प्लेअरात सीडी फिरत होती. शेजारच्या हॉटेलवाल्यानं प्लग काढला आणि वहिनीला फोन केला.

मी तेव्हा परंड्याला शाळेत बसून सहामाहीचे पेपर तपासत होते. बस बदलत नळदुर्गला पोचले तोवर त्याला घरी आणून निजवलं होतं आणि माणसं जमली होती. त्यातला एक जण मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "गाणं ऐकता ऐकता गेले, ताई. असं मरण मागून मिळत न्हाय." मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. आता भेटला तर बोलेन. अठ्ठावन्न वर्षांच्या, डोळ्यांना चष्मासुद्धा न लागलेल्या माणसाला असलं मरण मागायची काही गरज नव्हती.

कुठलं गाणं, हे कुणी विचारलं नाही. मला तेवढंच विचारायचं होतं. पण मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून ते विचारायची आपल्याकडं रीत नाही, म्हणून मी गप्प बसले. नंतर जे काही झालं ते त्या गप्प बसण्यातनं झालं, असं मला वाटतं.

दादाचं दुकान हायवेवर होतं, ढाब्यांच्या ओळीत. पाटीवर रेडिओ-टीव्ही दुरुस्ती असं लिहिलेलं होतं, पण खरं काम ट्रकमध्ये टेप बसवायचं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या कितीतरी केबिनींत त्याच्या हातची वायर होती. तो सोळा-सतरा वर्षांचा असताना, दुसऱ्याच्या दुकानात शिकायला होता तेव्हा, एका ड्रायव्हरनं दुरुस्तीला टाकलेल्या टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली निघाली. ड्रायव्हर परत आला नाही. कॅसेट दादानं घरी आणली. एका इंग्रजी बँडचा अल्बम होता, दादा पाळण्यातनं उतरला त्या सुमारास विलायतेत वाजवलेला. आमच्या घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. दादानं आणि मी ती कॅसेट दोन वर्षं ऐकली.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. त्यातलं तिसरं गाणं अगदी हळू सुरू व्हायचं. ते सुरू व्हायच्या आधी, मला ऐकू यायचं, कुणीतरी खुर्ची सरकवतंय. लाकडी खुर्चीचा पाय फरशीवर करकरतो तसं. मग एक श्वास, आणि मग गिटार. मी दादाला सांगितलं तेव्हा तो हसला. मग त्यानं कान स्पीकरला लावला, पुन्हा मागं नेऊन लावलं, आणि म्हणाला, "व्हय की गं. बसायलाय कुणीतरी."

पुढं टेपनं ती कॅसेट खाल्ली. सीड्या आल्या, दादानं स्वतःचं दुकान काढलं, आणि कुठल्यातरी ड्रायव्हरकडनं तोच अल्बम सीडीवर मिळाला. आम्ही हौसेनं तिसरं गाणं लावलं. खुर्ची नव्हती. श्वासही नव्हता. शांतता, आणि त्यातनं एकदम गिटार. मी तोवर डी.एड. झाले होते, मला वाटलं, लहानपणी आपण कल्पना केली असेल. दादा म्हणाला, "दोघांनी एकच कल्पना केली व्हय?"

तिथून त्याचं वेड सुरू झालं. ते काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचा राग कुणाला कळणार नाही, म्हणून सांगते.

बँड स्टुडिओत गाणं वाजवतो ते एकदाच. ते टेपवर राहतं. त्या टेपवरनं सीडी करताना एक माणूस बसतो आणि ठरवतो की बारीक आवाज किती बारीक ठेवायचा, मोठा किती मोठा, खर्ज किती, टेपची खरखर ठेवायची की पुसायची. याला मास्टरिंग म्हणतात. सुरुवातीच्या सीड्या करणाऱ्यांनी फारसं काही केलं नाही. टेपवर होतं तसं उतरवलं. दहा-पंधरा वर्षांनी कंपन्यांनी तेच अल्बम पुन्हा काढले, नव्या खोक्यात, सोनेरी अक्षरांत 'नवीन मास्टरिंग' असं छापून. त्यात काय केलं होतं? जे बारीक होतं ते ओढून मोठ्याच्या बरोबरीला आणलं, म्हणजे सगळंच मोठं झालं. खरखर पुसली, आणि खरखरीबरोबर जे काही बारीक होतं तेही पुसलं. गाण्याच्या आधीचे सेकंद म्हणजे कचरा, म्हणून झाडून टाकले.

मी भाषा शिकवते. मला हे पोथ्यांवरून कळलं. जुन्या हस्तलिखितात एक शब्द असतो, पुढच्या नकलेत लेखनिक तो 'सुधारतो', कारण त्याला तो चुकीचा वाटतो. मग छापणारा सुधारलेला शब्द छापतो, आणि शंभर वर्षांनी तोच खरा ठरतो. पाठभेद तपासणारे लोक आयुष्य घालवून मूळ शब्दाकडं परत जातात. त्यांना आपण विद्वान म्हणतो. दादा हायवेवरच्या दुकानात तेच करत होता, तर त्याला लोक 'छंदी माणूस' म्हणायचे.

महिन्यातनं एखाद्या रविवारी मी नळदुर्गला जायची आणि आम्ही पाठभेद काढायचो. आमचे नियम होते. पहिला नियम आवाजाचा. दोन सीड्यांतली एक जरा जरी मोठी वाजली तरी माणसाला तीच चांगली वाटते. दादा म्हणायचा, "कान लाचखाऊ असतोय. त्याला आधी सरळ करायचं." म्हणून तो स्पीकरच्या तारांना मल्टीमीटर लावायचा, दोन्ही सीड्यांतला एकच तुकडा वाजवून काटा कुठं जातो ते बघायचा, आणि ॲम्प्लिफायरच्या बटणाशेजारी वहिनीच्या नेलपॉलिशनं दोन खुणा करायचा. नव्या सीडीची खूण कायम मागं असायची, जुनीची बरीच पुढं. दुसरा नियम असा की ऐकणाऱ्यानं सीडी बघायची नाही. मी प्लेअरवर टॉवेल टाकून सीडी बदलायची आणि नुसतं 'अ' किंवा 'ब' म्हणायची. तिसरा नियम वहीचा: दोघांनी दोन्ही ऐकल्याशिवाय रकान्यात काही लिहायचं नाही.

वही शंभर पानी होती. प्रत्येक अल्बमला एक पान, मधोमध रेघ, डावीकडं अ, उजवीकडं ब. दादाचे शेरे असे: 'झांज म्हंजे पत्रा.' 'ढोल गोधडीत गुंडाळलाय.' 'गाणारा माणूस जवळ येऊन बसला.' मी एकदा लिहिलं, 'वाद्यांमधील अवकाश अधिक प्रत्ययकारी.' त्यानं ते वाचून पान माझ्याकडं सरकवलं.

"हे काय लिहायलीस? परीक्षा हाय का?"

"मग काय लिहू?"

"जागा हाय म्हण. ह्यात जागा हाय, त्यात न्हाय. झालं."

नव्या मास्टरिंगच्या बहुतेक रकान्यांत शेवटी एकच शब्द यायला लागला: 'भिंत.' डीजेच्या गाड्या गावात आल्या त्या काळातली ही गोष्ट. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचून लग्नाची वरात हायवेनं निघायची, दुकानाचं शटर थरथरायचं, आणि दादा सोल्डरिंग खाली ठेवून दोन्ही हातांनी काचेच्या बरण्या धरून बसायचा. वरात गेली की म्हणायचा, "ह्यांनी तरी कुणाचं गाणं पुसलं न्हाय. मोठ्यानं लावलं, एवढंच. त्या कंपनीवाल्यांनी पुसलंय." त्याचा आवाज कधी चढत नसे. राग असला की तो आणखी बारीक बोलायचा. मलाही तसंच जमतं, म्हणून हे लिहिते आहे.

त्या पहिल्या अल्बमच्या चार वेगवेगळ्या सीड्या त्याच्याकडं जमल्या. एकीतही खुर्ची नव्हती. मग इंटरनेट आलं, आणि जगातल्या असल्याच चिवट लोकांचं लिहिणं त्याला सापडलं. मी त्याला शब्दकोश घेऊन वाचून दाखवायची. त्यातल्या एकानं एका ओळीत लिहिलं होतं की जपानात छापलेल्या अगदी पहिल्या सीडीवर तिसऱ्या गाण्याच्या आधी काहीतरी करकरतं. ती सीडी ओळखायची खूण म्हणजे भोकाभोवतीच्या कड्यावर कोरलेला नंबर. सीडी उजेडाकडं तिरकी धरली की तो दिसतो. दादानं तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि हैदराबादकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला दिला. तिकडं रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो.

"बँडचं नाव बघू नको," दादा त्याला म्हणाला. "चित्र बघू नको. नंबर बघ."

"चित्र बी नक्को, नाम बी नक्को," ड्रायव्हर म्हणाला. "उस्ताद, सीडी मंगवा रहे की लॉटरी?"

अकरा वर्षं तो कागद त्या ड्रायव्हरच्या केबिनीत होता. फाटला की दादा नवा लिहून द्यायचा.

त्या ऑक्टोबरातल्या रविवारी दादाचा फोन आला. "आला गं."

"कोण आला?"

"नंबर. नंबर आला. एकन् एक आकडा जुळतोय. खोकं न्हाय, नुस्ती सीडी हाय वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तू कधी येतीस?"

मी म्हणाले की पेपर तपासून झाले की येते, चार-पाच दिवस लागतील. तू लावून बघ ना तोवर.

"न्हाय," तो म्हणाला. "खुर्ची तू ऐकलीस आधी. तू आल्याबिगर मी लावणार न्हाय. इतकी वर्षं थांबलो, चार दिवस काय."

मंगळवारी तो गेला.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी परंड्याला परत आले आणि चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. ती दुकान रिकामं करत होती. जागा भाड्याची, मालक मागं लागला होता.

"वन्सं, ह्या तबकड्यांचं काय करू? एकाच गाण्याच्या तीन-तीन, चार-चार आहेत. चित्रं पण तीच."

मी तेव्हा वर्गाच्या बाहेर उभी होते. आत पोरं गोंधळ करत होती. मला त्या क्षणी सीडी हा शब्द ऐकवत नव्हता. मी म्हणाले, "एकेक ठेवा, वहिनी. बाकीच्या द्या कुणाला तरी."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी नाही. मला त्या वेळी दोन वाक्यं जास्त बोलता आली असती. भोकाजवळचा नंबर बघा, एवढंसुद्धा म्हणता आलं असतं. मी चाळीस मुलांशी रोज बोलते आणि वहिनीला मी सात शब्दांत उत्तर दिलं.

दिवाळीला मी गेले नाही. येळवशीला गेले. वेळा अमावास्येला आमच्याकडं सगळं घर शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपटं करून त्यात पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील असते. घरात माणूस वारलेलं वर्ष, म्हणून यंदा करायचं का असं मी विचारलं, तर वहिनी म्हणाली, "सण आपला नसतो वन्सं, शेताचा असतो. शेत काय सुतक धरतंय?" शेत वहिनीच्या वाटणीचं, नळदुर्गच्या बाहेर तीन एकर, आणि ते तिचा धाकटा भाऊ कसतो. सरळ माणूस आहे. त्याच्यावर मी जितकी रागावले आहे तितकी आयुष्यात कुणावर रागावले नसेन, आणि तो सरळ आहे हेच त्यातलं सगळ्यात वाईट आहे.

आम्ही डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरनं चाललो होतो. ज्वारी छातीला लागत होती, कणसं नुकती भरत होती. वाऱ्याची झुळूक आली आणि पुढं सगळ्या रानात लखलख झाली. मी थांबले. ज्वारीत ठिकठिकाणी काठ्या रोवून त्यांच्यात सुतळ्या ताणल्या होत्या, आणि सुतळ्यांना सीड्या टांगलेल्या होत्या. पाखरं भितात म्हणून आपल्याकडं शेतात सीड्या टांगतात; मी शेकडो वेळा एसटीतनं बघितल्या असतील. लोकांच्या त्या सीड्या म्हणजे लग्नाच्या, भजनांच्या, जुन्या सिनेमांच्या. मी टोपली तशीच डोक्यावर धरून बघत राहिले. सुतळी भोकातनं ओवलेली होती. दादा जिथं नखसुद्धा लागू द्यायचा नाही, तिथनं.

"बगितलं का, अक्का," वहिनीचा भाऊ मागनं म्हणाला. तो खूश होता. "औंदा एक चिमणी उतरली न्हाय. दाजींची पुण्याई."

मी म्हणाले, "या कुठल्या?"

"डब्बल होत्या त्या. तुमीच म्हनला ना ताईला, एकेक ठिवा."

मी टोपली बांधावर ठेवली आणि ज्वारीत शिरले. पानं हाताला कापत होती. पहिली सीडी हातात घेतली तर ती जड लागली. जाड होती. दोन्ही बाजूंनी चमकत होती. मला आधी कळेना. सीडीची एक बाजू चमकते, दुसऱ्या बाजूला नाव-चित्र असतं. हिला नाव नव्हतंच.

"एकाच अंगानं चमकती ना ती," तो समजावून सांगू लागला. "वाऱ्यानं फिरली की छापील बाजू म्होरं येती, मग पाखरू भीत न्हाय. म्हनून दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवल्या. पंक्चरचं सोल्युशन, लई घट्ट बसतंय. आन् गान्याची बाजू जपली बगा, भायेर ठिवली. तिला सोल्युशन लागू दिलं न्हाय. तुमाला कवा लागल्याच, तर खराब व्हायला नकोत."

दादानं मला फार पूर्वी दाखवलं होतं: गाणं चमकत्या बाजूला नसतं. खालचं सगळं नुसतं जाड पारदर्शक प्लास्टिक. त्यावरचा ओरखडा घासून काढता येतो. गाणं वरच्या बाजूला असतं, छापलेल्या नावाच्या लगेच खाली, चांदीसारख्या पातळ वर्खात, आणि त्याच्यावर वार्निशचा नुसता एक हात असतो. "वरच्या अंगाला जप," म्हणायचा, "तिथं सायीएवढी कातडी हाय." त्या सायीवर या माणसानं पंक्चरचं सोल्युशन फासलं होतं. काळजीनं, एकसारखं, कडेपर्यंत.

"गाणं त्याच बाजूला असतं," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक झाला होता की त्यानं "आं?" केलं. मग मी ओरडले. वहिनीसमोर, शेजारच्या शेतातल्या माणसांसमोर, येळवशीच्या दिवशी. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तुम्हाला कुणी अक्कल विचारली होती" असं म्हणाले हे आठवतं. "माझ्या भावाला सुतळीला टांगलंत" असंही म्हणाले.

तो टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, "अक्का, मोबाईलवर समदं भेटतंय की. मी काढून देतो. फुकट हाय."

त्याचा काही दोष नाही. मोबाईलवर खरंच सगळं मिळतं. त्या अल्बमचं नाव टाकलं की तो अल्बम येतो, आणि जो येतो तो नवाच असतो. जुना तिथं नाही. जुना होता याची खूणसुद्धा नाही. कुणी विचारलं तर सांगतील, हेच ते गाणं. जगभरातल्या माणसांनी खिशात भिंत घेऊन फिरावं आणि तिला गाणं म्हणावं अशी ही सोय आहे, आणि ती फुकट आहे म्हणून तिच्यावर चिडायचंही नाही. मी चिडते. जे टांगलं गेलं ते अज्ञानानं गेलं. जे पुसलं गेलं ते ज्यांना सगळं कळत होतं त्यांनी पुसलं.

वहिनी पुढं झाली. तिनं पदर खोचला आणि पहिल्या काठीपासून सुतळी सोडायला लागली. तिच्यामागनं तिचा भाऊ. पूजा तशीच राहिली. शेजारच्या रानातनं आंबील शिंपडत फिरणाऱ्यांच्या, या सणाच्या ठरलेल्या कानडी आरोळ्या येत होत्या आणि आम्ही तिघं ज्वारीतनं सीड्या गोळा करत होतो. वहिनी एकदाच म्हणाली, "मला सांगायचं तरी. तीस वर्षं शेजारी बसून ऐकलं मी, पण काय ऐकायलेत ते ह्यांनी मला कधी सांगितलं न्हाय. तुम्हाला सांगितलं." मी पुढच्या काठीची सुतळी सोडायला लागले.

कोपीच्या सावलीत बसून मी एकेक जोडी उजेडाकडं तिरकी धरली. घरी ठेवलेल्या सीड्या मी नंतर बघितल्या. वहिनीनं चांगल्या खोक्यातल्या, सोनेरी अक्षरांच्या, नव्याकोऱ्या दिसणाऱ्या ठेवल्या होत्या. कुणीही तेच केलं असतं. ओरखडलेल्या, बिनखोक्याच्या, पिवळट कागदातल्या होत्या त्या शेतात गेल्या. चोवीस जोड्या निघाल्या. एकोणिसाव्या जोडीवर नंबर सापडला. एकन् एक आकडा जुळत होता.

मी ती पिशवीत घातली आणि जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या बसच्या आधी मी हायवेवर हॉटेलवाल्याकडं गेले. दादाच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत. हॉटेलवाल्यानं न विचारता चहा दिला. मी विचारलं, "त्या दिवशी काय लागलं होतं?"

"गानं का, अक्का? मला काय कळतंय त्यातलं." मग म्हणाला, "पर आवाज लई बारीक होता. दादांचा तसा नसतोय. म्हनलं बिघडलं की काय. मंग काहीच नव्हतं थोडा वेळ. मंग खुर्ची सरकल्यावानी वाजलं. मला वाटलं दादा उठायलेत, चहा पायजे असंल, म्हनून कप घिऊन गेलो. तर ते टेबलावर डोकं टेकून."

"खुर्ची सरकली?"

"करकरली की."

दादाच्या दुकानात खुर्ची नव्हती. तो लोखंडी स्टुलावर बसायचा, आणि ऐकताना आवाज नको म्हणून त्या स्टुलाच्या पायांना त्यानंच रबरी बुचं बसवली होती. आवाज बारीक होता, म्हणजे बटण नव्या सीडीच्या खुणेवरच होतं. जुनी सीडी ऐकायची असती तर त्यानं ते पुढं नेलं असतं. म्हणजे त्यानं ती ऐकायला लावली नव्हती. चालते का, अडकत नाही ना, एवढं तपासायला लावली असणार, मी यायच्या आधी. असं मी धरून चालते. एखाद्या दिवशी मला हे पटत नाही, आणि मग मी त्याच्यावरही रागावते: चार दिवस थांबतो म्हणाला होता.

हॉटेलवाल्याला मी आणखी दोनदा विचारलं. लाकडी वाटली का? नंतर श्वास घेतल्यासारखं काही? तो म्हणाला, "अक्का, तवा मी दादांकडं बगत होतो." ते खरंच होतं.

परंड्याला आल्यावर मी ती जोडी सोडवायचा प्रयत्न केला. कोमट पाणी करून बघितलं. दोरा फिरवून बघितला. शेवटी पातळ सुरी घातली. एका बाजूनं ती उलगडली, आणि उलगडताना वर्ख सोल्युशनबरोबर निघून आला, पापुद्र्यासारखा. माझ्या हातात प्लास्टिकची चकती राहिली. तिच्यातनं पलीकडचं दिसत होतं. नंबर तेवढा शाबूत होता, कारण तो आतल्या कड्यावर असतो आणि तिथवर सोल्युशन पोचलं नव्हतं.

संक्रांतीला वहिनीच्या भावानं शेतातला हुरडा पाठवला. सोबत चिठ्ठी होती, कुणाकडनं तरी लिहून घेतलेली: 'अक्का, पाखरं उतरली. दाणा कमी हाय. गोड मानून घ्या.' मी तो खाल्ला. राग कमी झाला नाही.

मल्टीमीटर माझ्याकडं आहे. प्लेअर आणि ॲम्प्लिफायर आहे. बटणाशेजारी नेलपॉलिशच्या दोन खुणा आहेत. त्या अल्बमची नवी सीडी आहे आणि तिच्यावर तिसऱ्या गाण्याच्या आधी काही नाही. वही आहे. त्या अल्बमचं पान दादानं रविवारीच आखून ठेवलं होतं. वर नंबर लिहिला आहे. ब च्या रकान्यात 'भिंत' आहे, त्याच्या अक्षरात, आधीच्या पानावरनं उतरवलेलं. अ चा रकाना कोरा आहे.